‘फुकट अपग्रेड’ला हो म्हणण्याआधी: नवा फोन घेणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

नवा फोन घ्यायला पहिल्यांदा निघालेल्या माणसाला जे ऐकवलं जातं, त्यात साफ खोटं फार थोडं असतं. बहुतेकदा अर्धंच सांगितलेलं असतं. ‘जुना फोन द्या, नवा फुकट न्या’ हे वाक्य खरंही असू शकतं, पण त्याच्या मागची वाक्यं गाळलेली असतात: प्लॅन महागातलाच घ्यावा लागेल, सवलत एकदम न मिळता महिन्या-महिन्याला तुकड्यांनी मिळेल, मध्येच कंपनी बदललीत तर उरलेली सवलत जाईल. गाळलेली वाक्यं विक्रेत्याकडून वदवून कशी घ्यायची, ते इथे क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधीच पक्की धरा. ‘अपग्रेड’ म्हणून समोर येणाऱ्या एका ऑफरमध्ये तीन वेगळे सौदे एकत्र बांधलेले असतात: नव्या फोनची खरेदी, जुन्या फोनची विक्री आणि सेवा देणाऱ्या कंपनीशी करार. हप्ते असले तर चौथा सौदा कर्जाचा. सगळं एकत्र असेपर्यंत फायदा कुठे आणि तोटा कुठे, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि विकणाऱ्याला तेच सोयीचं असतं. म्हणून प्रत्येक सौदा सुटा करायचा, त्यापुढे आकडा लिहायचा आणि मगच बोलणी करायची.

पायरी १: फोन बदलायची गरज आहे का, हे दुकानात जाण्याआधी ठरवा

‘तुमचा फोन आता जुना झाला, हळू चालतोय’ या वाक्यावर पुष्कळ फोन खपतात. फोन हळू होण्याची दोन साधी कारणं असतात: मेमरी गच्च भरलेली असणं आणि बॅटरी थकलेली असणं. ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं, की बॅटरी थकलेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरच कमी करत होतं, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. ग्राहकांना हे नीट कळवलं नाही यासाठी फ्रान्सच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेने २०२० मध्ये कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. ज्यांनी वेग कमी झाला म्हणून नवा फोन घेतला, त्यांच्यातल्या अनेकांचं काम नव्या बॅटरीत भागलं असतं. त्यामुळे आधी सेटिंगमध्ये बॅटरीची स्थिती पाहा. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल, तर बॅटरी बदलायला किती लागतील ते विचारा आणि तो आकडा नव्या फोनच्या आकड्याशेजारी लिहा.

दुसरी भीती घातली जाते ती ‘तुमचा फोन लवकरच चालणार नाही’ अशी. हे कधी कधी खरं असतं. बऱ्याच देशांत थ्रीजी नेटवर्क बंद झालं आणि केवळ त्यावर चालणारे फोन निकामी झाले. पण असं होणार असेल तर सेवा देणारी कंपनी ते तारखेसह जाहीर करते. विक्रेत्याला तारीख सांगता येत नसेल, तर त्या भीतीवर निर्णय घेऊ नका.

जुना फोन बदलायचं खरं कारण एक आहे, आणि ते विक्रेते क्वचितच सांगतात: सुरक्षेचे अपडेट बंद होणं. तुमच्या मॉडेलला ते कधीपर्यंत मिळणार, हे बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. अपडेट संपले असतील आणि त्याच फोनवर बँकेचे व्यवहार होत असतील, तर मात्र टाळाटाळ करू नका.

पायरी २: ऑफर फोनवर आली तर बोलणं तिथेच थांबवा

‘तुम्ही आमचे जुने ग्राहक आहात, तुम्हाला अपग्रेडवर खास सवलत मंजूर झाली आहे’ असा फोन येतो. पलीकडच्या माणसाला तुमचं नाव आणि कंपनी माहीत असते. ‘खात्री करण्यासाठी’ तो तुमच्या मोबाईलवर आलेला ओटीपी विचारतो. त्या ओटीपीने तो तुमच्या खात्यात शिरतो आणि तुमच्या नावावर एक महागडा फोन मागवतो. फोन तुमच्याच पत्त्यावर येतो, म्हणून संशय येत नाही. मग दुसरा फोन येतो: ‘चुकून वेगळं मॉडेल पाठवलं गेलं, या पत्त्यावर परत पाठवा.’ तुम्ही प्रामाणिकपणे पाठवता. फोन चोराला मिळतो, हप्ते तुमच्या बिलात लागतात.

उपाय सोपा आहे. ऑफर कितीही चांगली वाटली तरी फोन ठेवा आणि बिलावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा. खरी सवलत असेल तर ती तिथेही दिसेल. आणि न मागवलेला फोन घरी आलाच, तर तो कोणी सांगितलेल्या पत्त्यावर पाठवू नका. कंपनीला त्याच अधिकृत क्रमांकावरून कळवा आणि परत पाठवायची पद्धत त्यांच्याकडूनच घ्या.

पायरी ३: एकूण रक्कम काढा

या पायरीला वेळ द्या. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे गणित कागदावर करा.

समजा, एक फोन रोखीने ३६,००० ला मिळतो. ऑफर अशी आहे: फोन फुकट, अट एवढीच की ३६ महिने १,५०० चा प्लॅन ठेवायचा आणि जुना फोन द्यायचा. तुमचं काम आज ७०० च्या प्लॅनमध्ये भागतं. म्हणजे दर महिन्याला ८०० जास्त, आणि ३६ महिन्यांत २८,८००. सुरुवातीचं शुल्क १,०००. जुना फोन बाहेर विकला असता तर ९,००० आले असते, तेही गेले. बेरीज झाली ३८,८००. फुकटचा फोन रोखीच्या फोनपेक्षा २,८०० ने महाग पडला, शिवाय तीन वर्षं एकाच कंपनीशी बांधले गेलात. मोठ्या प्लॅनची तुम्हाला खरंच गरज असेल, तर हेच गणित उलटं येऊ शकतं आणि ऑफर उत्तम ठरू शकते. म्हणून विक्रेत्याचे आकडे बाजूला ठेवून आपला वापर, आपला प्लॅन आणि आपला जुना फोन यांचे आकडे घाला.

आता सवलत कशी दिली जाते ते पाहा. वरच्याच उदाहरणात कंपनी फोनच्या किमतीचे दरमहा १,००० असे ३६ हप्ते बिलात लावते आणि त्याच बिलात १,००० वजा करते. बिलात शून्य दिसतं, पण कर्ज उभं असतं. अठराव्या महिन्यानंतर तुम्ही कंपनी सोडलीत, तर वजावट थांबते आणि उरलेले १८,००० तुमच्याकडे मागितले जातात. प्लॅन कमी केला तरी हे होऊ शकतं. जुना फोन तर पहिल्याच महिन्यात दिलेला असतो. विक्रेत्याला थेट विचारा: ‘मी अठराव्या महिन्यात सोडलं तर मला नेमके किती भरावे लागतील?’ या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला जो चाचरतो, त्याच्याकडून काही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ही तक्रार चार-दोन ग्राहकांची नाही. मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या राज्यांच्या महाधिवक्त्यांनी एटी अँड टी, टी-मोबाईल आणि व्हेरायझन या कंपन्यांशी जाहिरातींच्या प्रश्नावर १ कोटी २ लाख डॉलरची तडजोड केली. ‘फुकट’ म्हटलं तर त्यासाठी ग्राहकाला काय काय करावं लागेल ते स्पष्ट सांगायचं, ‘अमर्याद’ डेटाला मर्यादा असेल तर ती दाखवायची, आणि फोन भाड्याने दिलेला असेल तर तो भाड्याचाच आहे हे लपवायचं नाही, अशा अटी त्यात आहेत. या तीन अटी तुमच्याही प्रश्नांच्या यादीत घाला.

आणखी दोन ठिकाणी पैसे झिरपतात. एक म्हणजे मुदतीच्या मध्येच वाढणारा दर. ब्रिटनमध्ये दूरसंचार नियामक ऑफकॉमने १७ जानेवारी २०२५ पासून नव्या करारांत ‘महागाईच्या दराप्रमाणे वाढ’ अशी मोघम अट घालायला बंदी केली. वाढ होणार असेल तर ती किती आणि केव्हापासून, हे आता तिथे आधीच पौंडांच्या नेमक्या रकमेत सांगावं लागतं. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, प्रश्न तोच विचारा. दुसरं ठिकाण बिनव्याजी हप्त्यांचं. व्याज नसलं तरी प्रक्रिया शुल्क असू शकतं, आणि रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळेलच असं नाही. ‘आत्ता पूर्ण पैसे दिले तर किती?’ असं विचारलंत की व्याज कुठे दडलंय ते कळतं.

‘दरवर्षी नवा फोन’ अशा योजनांत अर्धे हप्ते भरले की फोन परत द्यायचा आणि नवा घ्यायचा असतो. ज्याला सतत नवंच हवं त्याला ते पटेल. पण अशा योजनेत फोन कधीच तुमचा होत नाही आणि हप्ते कधीच संपत नाहीत, हे समजून घेऊन मगच त्यात शिरा.

पायरी ४: जुन्या फोनचा सौदा वेगळा करा

जाहिरातीत एक्सचेंजची किंमत ‘…पर्यंत’ अशी असते. तो वरचा आकडा अलीकडच्या, महागातल्या आणि ओरखडाही नसलेल्या मॉडेलचा असतो. तुमच्या फोनचा आकडा मागा, आणि तोही फोन प्रत्यक्ष दाखवून. फोन कुरिअरने पाठवायचा असेल, तर तपासणीनंतर ‘स्क्रीनवर डाग आहे’ असं म्हणून रक्कम कमी केली जाते. तेव्हा नवा फोन तुमच्या हातात असतो आणि मागे फिरणं अवघड जातं. किंमत कमी केली तर जुना फोन विनाखर्च परत मिळणार का, हे आधीच लिहून घ्या.

फोन देण्याआधी तो चालू असताना चारी बाजूंनी फोटो काढा आणि स्क्रीनचा, कॅमेऱ्याचा एक छोटा व्हिडिओ घ्या. *#०६# डायल करून येणारा, फोनची ओळख असलेला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक टिपून ठेवा. मग बॅकअप घ्या, गूगल किंवा ॲपल खात्यातून फोन बाहेर काढा आणि शेवटी रीसेट करा. खातं काढायचं राहिलं तर फोन कुलूपबंदच राहतो, आणि त्याच कारणावरून मोबदला नाकारला जातो. पोचपावती जपून ठेवा, त्यावर आयएमईआय असायला हवा. फोन पाठवायची मुदतही बघा. ती उलटली की नव्या फोनची सवलत रद्द होऊ शकते.

पायरी ५: फोनबद्दलचे दावे तपासा

इथे मोठाले आकडे फेकले जातात. सगळ्यांचा अभ्यास करायची गरज नाही. नेहमी कानावर येणारे एवढे ओळखता आले तरी पुरे.

मेगापिक्सेल: १०८ किंवा २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा एरवी अनेक पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ती पद्धत चांगली आहे, पण नुसत्या मोठ्या आकड्याने फोटो चांगला येत नाही. संध्याकाळच्या मंद उजेडात, हलत्या माणसाचा फोटो काढून बघा.

रॅम, म्हणजे चालू ॲप वापरतात ती वेगवान तात्पुरती मेमरी: ‘८ अधिक ८’ असं लिहिलेलं असेल तर दुसरे ८ जीबी स्टोरेजमधून, म्हणजे फोटो-फाइल साठवायच्या जागेतून, उसने घेतलेले असतात. स्टोरेज रॅमपेक्षा बरंच संथ असतं, म्हणून याला १६ जीबी रॅम म्हणू नये.

स्टोरेज: १२८ जीबीच्या फोनमध्ये १२८ मोकळे नसतात. मोजण्याच्या पद्धतीमुळे काही कमी दिसतात आणि बरीच जागा सिस्टीम घेते. सेटिंग उघडून मोकळी जागा किती ते पाहा.

पाण्यापासून संरक्षण: याबद्दल फार गैरसमज पसरवला जातो. फोनवर लिहिलेला ‘आयपी’ आकडा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा सांगतो: आयपी६७ म्हणजे पाण्यात एक मीटर खोलीपर्यंत अर्धा तास, आणि आयपी६८ची खोली बनवणारी कंपनी स्वतः ठरवते. चाचणी स्थिर, गोड्या पाण्यात होते. समुद्राचं खारं पाणी आणि तरणतलावातलं क्लोरीन यांचा त्यात विचार नसतो. जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, तो काही गॅलेक्सी फोन तलावात आणि समुद्रात वापरता येतील असं भासवणाऱ्या जाहिरातींसाठी. त्या फोनचं चार्जिंगचं तोंड ओलं असताना चार्ज केलं तर गंजायचा धोका होता. नोव्हेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने ॲपललाही याच प्रकारच्या दाव्यांसाठी एक कोटी युरोंचा दंड केला होता. पाण्यामुळे झालेली हानी वॉरंटीत बसते का, हा प्रश्न विचारा. बहुतेकदा उत्तर नकारार्थी येतं.

फाइव्हजी: फोन फाइव्हजीचा असला तरी तुमच्या कंपनीचे बँड, म्हणजे ती वापरते ते रेडिओलहरींचे पट्टे, त्यात चालायला हवेत. नुसत्या चिन्हावरही भरवसा नको. २०१९ मध्ये एटी अँड टीने फोरजीवर चालणाऱ्या फोनच्या पडद्यावर ‘फाइव्हजी ई’ असं चिन्ह दाखवलं होतं. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने २०२० मध्ये त्याच्याशी जोडलेल्या जाहिराती बंद करायला सांगितल्या आणि कंपनीने ते मानलं.

सॉफ्टवेअर अपडेट: गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं. पण ते सगळ्या मॉडेलना लागू नाही, आणि वर्षं मोजायला सुरुवात होते ती मॉडेल बाजारात आल्यापासून. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत घेतलं तर त्यातली दोन वर्षं संपलेली असतात. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या मॉडेलसाठी नियम आणखी कडक झाला: विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट, आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता शिल्लक. ८०० चा हा आकडा कुठेही तुलनेला उपयोगी आहे.

‘हे फीचर पुढच्या अपडेटमध्ये येईल’: आज जे फोनमध्ये नाही, त्यासाठी आज पैसे मोजू नका. ॲपलने तेव्हाच्या नव्या आयफोनसोबत सिरी या आवाजी सहायकाच्या ज्या सुधारणांची जाहिरात केली होती, त्यातल्या काही मार्च २०२५ मध्ये पुढे ढकलल्या. मोठ्या कंपनीचं असं होतं, तर दुकानातल्या माणसाच्या शब्दाला काय आधार?

पायरी ६: तोंडी आश्वासन लेखी करून घ्या

करारात बहुधा एक ओळ असते: या कागदावर जे आहे तेवढंच बंधनकारक. विक्रेत्याने प्रेमाने दिलेला शब्द त्या ओळीपुढे टिकणं कठीण जातं. तो माणूस वाईट असतो असं नाही, पुष्कळदा त्यालाही अर्धीच माहिती दिलेली असते आणि महिन्याचं टार्गेट डोक्यावर असतं. तरीही पैसे तुमचे जाणार आहेत. घरी येऊन ईमेल किंवा चॅटवर असा संदेश पाठवा:

‘आज झालेल्या बोलण्यानुसार मला समजलं ते असं: फोनचं मॉडेल आणि स्टोरेज …, आज भरायची रक्कम …, दरमहा एकूण …, किती महिने …, जुन्या फोनचे …, ते कसे आणि केव्हा मिळणार …, मध्येच सोडल्यास भरायची रक्कम …, दर वाढणार असल्यास किती व केव्हा …, हप्ते संपल्यावर फोन माझ्या मालकीचा होईल. हे बरोबर असल्याचं कृपया कळवा.’

उत्तर आलं तर ते जपून ठेवा. आलं नाही, किंवा ‘दुकानात या, समोरासमोर बोलू’ असं आलं, तर तेही एक उत्तरच आहे. ‘ऑफर आज रात्री संपते’ म्हणून या पायरीवर घाई केली जाते. ऑफर गेली तर जाऊ द्या. अशा ऑफर पुन्हा येतात.

पायरी ७: सही आणि पेटी

सही छोट्या पडद्यावर करायला सांगतात तेव्हा आधी पूर्ण करार मागा. विमा, क्लाउड, गाण्यांचं सबस्क्रिप्शन असं काही ‘पहिले तीन महिने फुकट’ म्हणून जोडलेलं आहे का ते बघा आणि नको ते तिथेच काढायला लावा. विमा हवाच असेल, तर दुरुस्तीच्या वेळी आपल्या खिशातून किती द्यावे लागतील हे विचारा. फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालेल का, हेही विचारा.

पेटीवरचा, फोनमधला आणि बिलावरचा आयएमईआय एकच हवा. पेटी उघडताना व्हिडिओ घ्या.

पायरी ८: पहिले तीन महिने

परत करायची मुदत आधीच ठाऊक असू द्या. युरोपीय संघात ऑनलाइन किंवा फोनवरून केलेल्या खरेदीला १४ दिवस मिळतात, मात्र दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला तो हक्क आपोआप मिळत नाही. इतरत्र नियम वेगळे असतात, म्हणून दुकानाचं धोरण बिलावर लिहून घ्या.

सवलतीची वजावट बऱ्याचदा पहिल्याच बिलात दिसत नाही, एक-दोन महिन्यांनी सुरू होते. त्यामुळे पहिली तीन बिलं ओळ न ओळ वाचा आणि पायरी ६ मधल्या संदेशाशी ताडून पाहा. फरक दिसला तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा. तक्रारीत तारीख, बोललेल्या माणसाचं नाव, काय ठरलं होतं, बिलात काय आलं आणि तुम्हाला नेमकं काय हवं, एवढं असावं. संदेश, करार आणि बिल जोडा, तक्रार क्रमांक घ्या आणि उत्तरासाठी ठरावीक दिवसांची मुदत द्या. तोपर्यंत हप्ता थांबवू नका, कारण थकबाकीची नोंद तुमच्या क्रेडिट इतिहासात होते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. मुदतीत उत्तर आलं नाही, तर तीच फाइल घेऊन कंपनीच्या वरिष्ठ तक्रार अधिकाऱ्याकडे, आणि तिथेही काम झालं नाही तर दूरसंचार नियामकाकडे किंवा ग्राहक-संरक्षण यंत्रणेकडे जा.